दामिनीची गृहभेट

१२ जानेवारी, रविवार
दुपारी मालिकेचा एपिसोड पाहिला. परक्या घरी ठेवलेल्या तीन बहिणी उपाशी, मार खाताहेत, आणि तपासायला नेमलेला अधिकारी फाईलच उघडत नाही. दोनदा रडलो. असली माणसं नोकरीवर ठेवतात कशी? बायको म्हणाली, तुम्ही दामिनीकडे शेवटचं कधी गेलात? विषय काय, हिचं काय!
दामिनी अकरा वर्षांची, आईबाप नाहीत. आरमोरीपलीकडे गोकुळाबाईंच्या घरी आमच्या बालसंरक्षण कार्यालयानेच ठेवली. दरमहा जाऊन बघायचं काम माझं. दिवाळीपासून जमलेलं नाही, पण गृहभेटीचा फॉर्म एकही चुकलेला नाही. संकल्प : उद्याच जाणे.

१३ जानेवारी
गेलो नाही. त्याहून मोठं सुचलं. हा एपिसोड सगळ्या ऑफिसला दाखवायचा, वर माझं भाषण.

१६ जानेवारी
दामिनीचा फोन, शेजारच्या उर्वशीबाईंच्या मोबाइलवरून. "सर, मले मिरची तोडाले तेलंगणात नेऊन राह्यले. मले शाळा सोडून नाई जाचं. तुमी या ना." म्हटलं, शनिवारी नक्की, फाट्यावर थांब. पोरीचा केवढा विश्वास! भाषणात घ्यावं.

१८ जानेवारी, शनिवार
प्रोजेक्टरच्या भानगडीत दिवस गेला. पण हात झटकणारा मी नव्हे. संध्याकाळी गोकुळाबाईंना फोन लावला. म्हणाल्या, मिरची-बिरची काही नाही, पोरीची बडबड. लगेच फॉर्म भरला : गृहभेट झाली, मुलगी आनंदी, शाळेत नियमित. बाईंनाही सांगून टाकलं, निश्चिंत राहा, आता महिनाभर मी येत नाही.

२१ जानेवारी
कार्यक्रम झकास. पन्नास मिनिटं बोललो. त्या मालिकेतल्या अधिकाऱ्याला असं सोललं की टाळ्या पडल्या. साहेबांनी शाल दिली.

२३ जानेवारी
शाल दाखवावी म्हणून दामिनीकडे गेलो. दाराला कुलूप. उर्वशीबाई म्हणाल्या, रविवारीच टेम्पो भरून सगळे मिरचीला गेले, पोरीलाही नेलं. आदल्या दिवशी ती दप्तर घेऊन फाट्यावर बसली होती, दिवे लागेपर्यंत. मी जरा कडक आवाजात विचारलं, मग मला कळवलं का नाही?
"कळवलं होतं ना, सर. माह्याच मोबाइलवरून."
रिपोर्ट करायला हवा. पण मग अठरा तारखेची गृहभेट? या फॉर्मची रचनाच मुळात चुकीची आहे. वरिष्ठांना सुचवीन.

२८ फेब्रुवारी
फॉर्म भरला. मुलगी आनंदी. वजन एक किलोने वाढवलं.

३१ मार्च
तसाच.

१२ एप्रिल, शनिवार
टेम्पो परत आल्याचं कळताच गेलो. दामिनी अंगणात, दोन्ही हात पाण्याच्या घमेल्यात बुडवून. बोटं सुजलेली, कातडी गेलेली. शाळेत नाव उरलंय का, हे विचारायलाही लाज वाटली. फाईल तिच्यापुढे उघडली, वरच फेब्रुवारी-मार्चचे भरलेले फॉर्म. नवा काढला आणि नियमाप्रमाणे विचारलं, इथे आनंदी आहेस का?
तिने वर पाहिलंच नाही. "तुमीच लिवा ना, सर. मी इथी नोती तवाबी तुमीच लिवलं."
खरं लिहावं तर मागचं सगळं खोटं उघडं पडतं. फाट्यावर फॉर्म मांडीवर घेऊन बसलो, दिवे लागेपर्यंत. कोणी आलं नाही.
मग लिहिलं : आनंदी.