सासूबाईंनी हॉटडिशची स्तुती केली त्याची हकीगत

प्रिय मार्लिसवन्सं यांना नोरीनचा सप्रेम नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? ॲरिझोनाच्या उन्हाने (तुम्ही तिकडे राहायला गेलात त्याचं आम्ही कुणीच वाईट वाटून घेतलेलं नाही, तुमच्या आई सोडून) त्यांना आराम पडला असेल. इकडे विस्कॉन्सिनात क्रॅनबेरीची कापणी ऐन भरात आहे, पाण्यावर तरंगणाऱ्या फळांनी तळी लालेलाल झालीत, तुमचा भाऊ बरा आहे, ट्रॅक्टर बरा नाही. आईंची तब्येत आता उत्तम आहे. ‘आता’ मुद्दाम लिहिलंय. फोनवर सांगता आलं नसतं, कारण फोन स्वयंपाकघरात आहे आणि आईंचे कान घरभर आहेत.

झालं असं, की गुरुवारी जेवताना आईंनी माझ्या भट्टीत भाजलेल्या खिमा-बटाट्याच्या हॉटडिशची स्तुती केली. “नोरीन बाळ, बटाटे अगदी जमलेत गं,” म्हणाल्या आणि माझा हात थोपटला. (हीच हॉटडिश मी लग्न होऊन आल्यापासून करतेय आणि त्या तिला तेव्हापासून ओली वीट म्हणतात.) डेलचं म्हणणं, वयाबरोबर माणूस निवळतो. मी म्हटलं, निवळलेल्या नाहीत, आजारी आहेत. “आई वाईट बोलली तरी तुला खुपतं, चांगलं बोलली तरी खुपतं,” असं म्हणून तुमचा भाऊ तळ्यावर निघून गेला. शुक्रवारी सकाळी त्यांनी माझ्या पडद्यांचं कौतुक केलं, मला मार्लिस म्हणून हाक मारली आणि कधीच वारलेल्या मांजरासाठी बशीत दूध ओतलं. अंगाला हात लावला तर कढत. मी दवाखान्यात फोन लावला. नर्सने विचारलं, लक्षण काय? मी म्हटलं, सासू गोड बोलतेय, आणि तापही आहे. तिलाही सासू असावी, कारण ती म्हणाली, ताबडतोब घेऊन या.

आता याचं मूळ तुम्हाला वेगळं सांगायला नको. कापणीत तळ्यात उतरायची छातीपर्यंतची ती रबरी विजार एकदा चढवली की उतरवणं म्हणजे दिव्य, म्हणून आपल्या बायका सकाळपासून पाण्याचा थेंब तोंडात घेत नाहीत आणि लागली तरी दाबून ठेवतात. आई या वयातही ती विजार सोडत नाहीत. आठवडाभर त्यांना लघवीला जळजळत होतं, घडीघडी जावं लागत होतं, पण बोलणार कोणाजवळ? दर वर्षी जत्रेतल्या आपल्या स्टॉलवर त्याच तर सांगतात, “आमचा क्रॅनबेरीचा रस प्या, लघवीचा त्रास जवळ फिरकणार नाही.” मग बाईंनी दार लावून घरचाच रस, बिनसाखरेचा, पेल्यावर पेले रिचवला. पाणी मात्र नाही. हट्टी आहेत, पण अशी बाई पुन्हा होणे नाही.

डॉक्टर वांग म्हणून तरुण बाई आहे. तिने सांगितलं, सुरुवातीची थोडी सोडून मधली धार बाटलीत धरा. “मी काय मेपलचं झाड आहे, पाकासाठी रस धरायला?” आई म्हणाल्या. (एवढं ऐकून मला जरा धीर आला.) तपासणीत संसर्ग निघाला, तोही मूत्रपिंडापर्यंत चढत चाललेला. आणखी उशीर केला असता तर आई हाती लागल्या नसत्या, असं डॉक्टरीणबाई डेलकडे बघून म्हणाली. या वयात अशा आजारात मनही भरकटतं. रसाचं विचारलं, तर म्हणाली, काहीजणींना पुन्हा पुन्हा होणारा त्रास त्याने कमी होतो, पण एकदा संसर्ग झाला की औषधच हवं, आणि बरं वाटलं तरी पूर्ण घ्यायचं. मग पाणी पीत राहा, दाबून ठेवू नका, पुसताना पुढून मागे पुसा, इथपर्यंत बोलणं आलं. डेलने तेवढ्या वेळात भिंतीवरच्या मूत्रपिंडाच्या चित्राचा सखोल अभ्यास केला. आई डॉक्टरला म्हणाल्या, “रसाचं बाहेर बोलू नकोस, पोरी. त्याच्यावर घर बांधलंय आम्ही.”

परत येताना गाडीत त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, “तू आलीस म्हणून हे घर चाललं, नोरीन.” नाव बरोबर घेतलं होतं. मी खिडकीतून बाहेर बघत रडले. रविवारी औषध लागू पडलं आणि त्यांनी पहिल्याच घासाला विचारलं, “ही हॉटडिश आहे की वीट?” डेलने आनंदाने टेबलावर थाप मारली. मलाही हायसं वाटलं. थोडं वाईटही वाटलं, तुमच्यापासून काय लपवायचं.

गुडघ्यांना जपा.

तुमची भावजय,
नोरीन

ता. क. सोबतच्या खोक्यात भेट नाही, आईंची रबरी विजार आहे. कालपासून त्या ती शोधताहेत. कापणी संपेपर्यंत तुमच्याकडे लपवा आणि विचारलं तर आपला काही संबंध नाही म्हणा. पत्र लिहायचं कारण एवढंच.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवण्याआधी पत्र वाचून पाहिलं. आईंबद्दल एके ठिकाणी मी चक्क चांगलं लिहून बसलेय. ताप मोजला, नाही. जळजळही नाही. तरी उद्या बाटली देऊन येते, कारण आजार नसेल तर मग काय आहे, ते मला या घरात कुणाला सांगता यायचं नाही.