वेळेआधी मोठं झालेलं पिल्लू

जोधपूर

आबा, पाया पडते.

मी बरी हाय, जेवणाची आबाळ न्हाई. आईचा गुडघा कसा हाय? तुमी फोन उचलत न्हाई, म्हणून लिहिते. धाकट्या निकीकडून वाचून घ्या.

इथं प्रयोगशाळेत आमी टोळाच्या पिल्लांना एक औषध लावतो. पिल्लाला पिल्लू ठेवणारं अंगातलं हार्मोन त्यानं आटतं, आन ते वेळेआधीच मोठं होतं. अंगानं बारकं, पंख चुरगळलेले.

ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडीच लागती, एकट्याला मुकादम घेत न्हाई, हे मला म्हाईत हाय. पण कुणाची तरी जोडी भरायची म्हणून नववीतल्या निकीचं लगीन लावताय?

मी लग्नाला येनार न्हाई. असलं काम मी इथं रोजच करते.

तुमची थोरली,
शालन