प्रभाग तीनमधील एका मताची तक्रार मागे घेण्याबाबत

प्रति,
मा. नगरसचिव तथा निवडणूक अधिकारी,
नगर सभागृह, कॅरडाइन फॉल्स.

विषय : प्रभाग क्र. ३ च्या निकालाविरुद्धची माझी तक्रार मागे घेणे व उद्याच्या जाहीर सुनावणीतील नामवाचन रद्द करणे.

संदर्भ : १) माझा तक्रार अर्ज, दि. ९ नोव्हेंबर. २) माघारीच्या माझ्या तोंडी विनंतीवरील आपले पत्र, दि. १५ नोव्हेंबर (“माघारीचे सविस्तर कारण लेखी द्यावे”).

महोदया,

१. मी, ऑगस्ट वेंडलर, वय ६९, कॉलेजच्या बॉयलरघरातून निवृत्त झालो असून यापूर्वी तीन वेळा, म्हणजे सलग बारा वर्षे, प्रभाग तीनमधून नगरपरिषदेवर होतो. दि. ७ रोजीच्या निवडणुकीत मला ४११ मते पडली व कु. तमारा ओस्ट्रँडर, भूगर्भशास्त्राची विद्यार्थिनी, वय २४, यांना ४१२. शंभर मतांनी हरलेला माणूस घरी जातो. एका मताने हरलेला माणूस ते मत शोधत बसतो. मी शोधत बसलो.

२. माझा पहिला संशय क्वारी स्ट्रीटवरील घर क्र. ४८ वर होता. तीन खोल्यांच्या घरात अकरा मतदार नोंदलेले असून सर्व विद्यार्थी आहेत. बुधवारी, दि. ८ रोजी दुपारी मी स्वतः तेथे गेलो. दार उघडणारी मुलगी म्हणाली, “अय्या, मिस्टर वेंडलर ना तुम्ही? पाटीवरच्या फोटोत केवढे जाडे दिसता! या की आत.” मी अकराही जणांची ओळखपत्रे पाहण्यास मागितली. त्यांनी ती हसत हसत दाखविली. अकराही खरे निघाले. वर त्यांपैकी एक म्हणाला, “आमच्यातल्या चौघांनी तर तुम्हालाच मत दिलंय. घरमालक हीटर दुरुस्त करत नाही, म्हटलं बॉयलरवाला माणूस तरी आत जाऊ दे.” इतके गोड बोलणे मला संशयास्पद वाटले. त्यांनी दिलेले मसुराचे सूप मी घेतले, त्याचा प्रस्तुत प्रकरणाशी संबंध नाही.

३. मते जास्त पडलेली नाहीत, तर पडलेले एखादे मत गायब झाले असावे, असा माझा दुसरा तर्क. ल्यूथरन चर्चच्या तळघरातील मतदान केंद्रावर पेटी क्र. २ चे सील वाकडे होते, हे मी स्वतः पाहिले. तसेच मतमोजणीच्या वेळी आपल्या कार्यालयातील एक गृहस्थ दोनदा बाहेर जाऊन आले. विचारले तर म्हणाले, “अहो, खोकला झालाय.” मला ते एकदाही खोकताना ऐकू आले नाहीत. म्हणून मी तक्रारीत अशी मागणी केली की, मत न दिलेले म्हणून ज्यांची नोंद आहे त्या सर्वांची नावे सुनावणीत मोठ्याने वाचावीत, म्हणजे ज्याने मत देऊनही ते नोंदले गेले नाही, तो उभा राहून तसे सांगेल. ही मागणी आपण मान्य केलीत. आपला माझ्यावर राग असल्याचा जो उल्लेख मी त्या अर्जात केला, तो मागे घेतो.

४. मंगळवार, दि. १४ रोजी त्या यादीची प्रत मला मिळाली. आपल्या कार्यालयाच्या बाकावर बसूनच मी ती वाचू लागलो. चौथ्या पानावर माझ्या पत्नीचे, लोरीन वेंडलरचे, नाव होते. लिहिण्यास संकोच वाटतो, पण मला अतिशय आनंद झाला. मतदानाच्या दिवशी मी सकाळपासून चर्चपासून नियमात बसेल इतक्या अंतरावर पत्रके वाटत होतो. ती चारनंतर गाडी घेऊन येणार होती. संध्याकाळी मी विचारले, “मत दिलंस?” ती म्हणाली, “हो, जाऊन आले.” म्हणजे गायब झालेले मत सापडले, आणि साक्षीदार माझ्याच घरात! बाकावरून उठताना मी आपल्या कारकून बाईंना म्हणालो, “आता बघाच तुम्ही.” त्याबद्दल त्यांची क्षमा मागतो.

५. घरी पोहोचताच मी लोरीनसमोर प्रतिज्ञापत्राचा कोरा कागद ठेवला व सही मागितली. तिने चष्मा काढून ठेवला.
“मी जाऊन आले म्हणाले, ऑगस्ट. दिलं असं नाही म्हणाले.”
तिने मत दिले नाही. चर्चसमोर गाडीत ती वीस मिनिटे बसून होती. मी विचारले, “तुला कोणी पढवलं? ओस्ट्रँडरची माणसं आली होती का घरी?” यावर ती हसली, आणि मग हसणे थांबले.
“बारा वर्षं जेवताना मी गटारं ऐकली. फोन आला की तुझं ताट गार. विस्कॉन्सिनला बहिणीकडे दरवेळी मी एकटी. परत उभा राहताना मला विचारलंस तरी का? तुझ्याविरुद्ध मत द्यायला हात धजेना, आणि तुला द्यायलाही धजेना.”
“मग वीस मिनिटं करत काय होतीस?”
“थोडी रडले. मग रेडिओ लावला. मग घरी येऊन तुझे मोजे वाळत घातले.”
तिचे मत पडते तर बरोबरी होऊन चिठ्ठी काढावी लागली असती. हे मी तिला सांगितले. ती म्हणाली, “माहितीय मला. निकाल लागल्यापासून तेच डोक्यात आहे.” नंतर मी गॅरेजात जाऊन बराच वेळ बसलो. त्या बारा वर्षांत जेवताना ती काय बोलत असे ते आठवण्याचा प्रयत्न केला. आठवले नाही.

६. सबब विनंती की, तक्रार निकाली काढावी व नामवाचन रद्द करावे. ते होऊ दिल्यास गावासमोर चौथे पान वाचले जाईल. उपस्थितांत कु. ओस्ट्रँडर असतील, क्वारी स्ट्रीटची मुले असतील, आणि लोरीनही येणार म्हणते. ती म्हणते, “वाचू देत. मी उभी राहीन.” ती खरोखर उभी राहील, आणि एकटीच उभी असेल, म्हणून हा अर्ज तातडीचा समजावा. पेटी क्र. २ च्या सीलबाबत माझा संशय कायम आहे, परंतु तो मी यापुढे माझ्यापाशीच ठेवीन.

कु. ओस्ट्रँडर यांना निवडून आल्याचे प्रमाणपत्र देण्यास माझी हरकत नाही.

आपला विश्वासू,
ऑगस्ट वेंडलर
कॅरडाइन फॉल्स, दि. १६ नोव्हेंबर

सोबत : मूळ तक्रारीची पोच, मत न दिलेल्यांची यादी, पाने १ ते ९, प्रतिज्ञापत्र (कोरे).

ता. क. परिच्छेद ५ मध्ये “तिने मत दिले नाही” येथे खाडाखोड आहे. मी प्रथम “तिचे मत द्यायचे राहून गेले” असे लिहिले होते. अर्ज आपल्या कार्यालयात आणून देण्यापूर्वी लोरीनने वाचावयास मागितला व ते वाक्य स्वतःच्या हाताने बदलले. खाडाखोडीपाशी आम्हा दोघांच्या सह्या आहेत.