बाबांच्या ओट्यावरची घंटा

प्रिय नोसाखारे,

हे फोनवर सांगितलं असतं तर तू मध्येच ओरडला असतास आणि मी गप्प बसले असते. म्हणून लिहिते आहे. लागोसच्या त्या गोंगाटात दार लावून घे आणि बसून वाच. अक्षर लागलं नाही तर सांभाळून घे.

बाबांना मूठमाती दिल्यावर इगुनच्या आपल्या ओताऱ्यांच्या गल्लीत भाते पुन्हा सुरू झाले, आपल्या अंगणातलाही. बाबांच्या हाताखाली इतकी वर्षं राबलेला आपला इदाहोसा त्यांच्याच जागेवर बसून पितरांच्या ओट्यावर ठेवायची त्यांची घंटा घडवत होता. आधी मेणाची घंटा केली, तिच्या चारी बाजूंवर बारीक जाळी काढली, समोर एक चेहरा, आणि त्या चेहऱ्याच्या कपाळावर बाबांच्या आठ्या. मी म्हटलं, "माणूस गेला तरी चिडकाच ठेवलास की रे त्याला." तर म्हणतो कसा, "हसरा केला तर पितर विचारतील, हा कोण पाहुणा आला?" आईसुद्धा हसली. हसता हसता जी रडायला लागली ती थांबेचना. मी तिला धरून आत नेलं.

आत तिने मला सांगितलं. नोसा, इदाहोसा बाबांचा मुलगा आहे. तुझ्याहून मोठा, माझ्याहूनही मोठा. आईच्या आधी बाबांच्या आयुष्यात एक बाई होती. ती बाळंतपणात गेली आणि पोर मामाकडे वाढलं. आपल्या पोटचाच या घरात थोरला म्हणवला जाईल, अशी शपथ आईने लग्नाआधी बाबांना घ्यायला लावली होती. माझ्या डोक्यात एकच येत होतं, की ही बाई रोज त्याला कोनफळाचा गोळा आणि रस्सा वाढत आली, पण अंगणात, वेगळ्या ताटात. आजवर मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. आता का सांगितलंस, विचारलं, तर म्हणाली, "घंटा चुकीच्या हाताने वाजवली तर तुझे बाबा हाकेला येतील का गं? उद्या मी तिथे गेल्यावर त्यांना काय तोंड दाखवू?"

खरं तर आपल्याला केव्हाच कळायला हवं होतं. रक्ताबाहेरच्या माणसाला इगुनमध्ये पितळ ओतू देत नाहीत, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. बाबांनी इदाहोसाच्या हाती मूस दिली तेव्हा ओतारी पंचांनी त्यांना भर चौकात झापलं आणि दंडाचा बोकड घेतला. तूच वैतागून म्हणाला होतास, "परक्यासाठी कशाला नाक कापून घेता, बाबा?" बाबा खाली मान घालून मेण मळत राहिले. म्हाताऱ्याने नियम मोडला म्हणून सगळी गल्ली बोंबलत होती. म्हाताऱ्याने नियम पाळला होता, आणि मोडल्याचा दंडही भरला. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय.

काल इदाहोसाने साचा फोडला. घंटा बाहेर निघाल्याबरोबर ओतारी ती वाजवून बघतो, कुठे चीर नाही ना म्हणून. याने लोलकाला चिंधी गुंडाळली. मी विचारलं तर म्हणाला, "घंटा वाजवून पितरांना पहिली हाक थोरल्या मुलाने मारायची. नोसा येईल, तो मारील." मी म्हटलं, "थोरला कोण ते मला कळलंय." तो चिंधीची गाठ मारत राहिला. "मला मेण मळायला शिकवलं त्याच दिवशी बाबांनी सांगितलं होतं. तुमची आई आहे तोवर बोलू नको म्हणाले. घंटा मी केली, मला पुरे. तूही गप्प बस ओमोसेदे, घरात भांडण नको." त्याला सगळं माहीत होतं, नोसा. तू त्याला परका म्हणालास त्या दिवशीही माहीत होतं. मला कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं.

बाबांना पितरांत घ्यायच्या विधीसाठी तू गाय सांगून ठेवली आहेस, तुझ्या बायकोने सगळ्यांसाठी एकसारखं कापड घेतलं आहे, वरची खोली तू बांधलीस, हे मी विसरलेले नाही. पण आपल्यात बापाचं घर थोरल्या मुलाला मिळतं. ते तुझ्या हातून जाईल, आणि मीही त्याच घरात राहते.

तरी हे पत्र एवढ्यासाठीच: विधीच्या दिवशी तू घंटेला हात घातलास तर मी पंचांसमोर उठून बोलणार आहे. तिथे बायकांनी तोंड उघडायचं नसतं, मी उघडेन. पण तू माझ्या पाठीवर वाढलेलं पोर, तुला चारचौघांत खोटं पाडायची वेळ माझ्यावर आणू नकोस. ये, गाय घेऊनच ये. घंटा उचलून तूच त्याच्या हातात दे आणि त्याला दादा म्हण. आजवर त्याला कुणीच तसं म्हटलेलं नाही.

तुझीच,
ओमोसेदे