चेंबरवरची तुळस

॥ श्री ॥

मी, शालिकराम लहानुजी वैरागडे, वय चौऱ्याहत्तर, कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त, राहणार जरीपटक्यामागची वस्ती, नागपूर, पूर्ण शुद्धीत राहून, कोणाच्या धाकाने वा गळ घातल्याने नव्हे तर स्वतःच्या मर्जीने हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. माझे हृदय थकले आहे, डोके थकलेले नाही. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. वकिलांनी मला एक मसुदा करून दिला होता. तो एका पानात संपत होता, म्हणून मी तो बाजूला ठेवला.

१. घर. वडिलांच्या जागेच्या वाटणीत मला मिळालेला पूर्वेकडचा अर्धा भाग आणि त्यावरचे घर मी माझी एकुलती एक मुलगी भूमिका हिला देतो. ती बुटीबोरीला कापडाच्या कारखान्यात कामाला आहे आणि भाड्याच्या खोलीत एकटी राहते. ती नवऱ्यापासून वेगळी झाली तेव्हा तिची आई म्हणाली होती, "पोरीले परत याले दार पायजे." ते दार हे. मला मुलगा नाही, तेव्हा घर आपोआप माझा पुतण्या दुर्गेश याच्याकडे जाईल, असे भिंतीपलीकडे माझ्या भावाच्या घरी धरून चालले आहेत. तसे होणार नाही. दुर्गेशवर माझा राग नाही. त्याला त्याच्या बापाचे घर आहे.

२. बँकेतली ठेव, पेन्शनची जी काही बाकी निघेल ती, आणि माझी पत्नी कै. रंभाबाई हिची पोत हे सगळे भूमिकेचे. रंभाबाईचे पितळी गंगाळ मात्र माझी भावजय शामला हिला द्यावे. दोघी जावांनी ते एकत्र घासले आहे आणि घासताना माझी भरपूर टिंगल केली आहे.

३. चेंबर. ज्यासाठी हा कागद लांबला ते आता लिहितो. आमच्या मागच्या अंगणात सांडपाण्याचे एक चेंबर आहे. माझ्या मोरीचे, स्वयंपाकघराचे आणि संडासाचे पाणी त्यातूनच मागच्या गल्लीतल्या मोठ्या लाइनला जाते. माझा धाकटा भाऊ गणपतराव याच्या घराचेही तसेच. वडील गेल्यावर आम्ही वाटणी केली तेव्हा विहीर, कडुनिंब, तांब्याचे हंडे सारे कागदावर आले. मी चेंबरचा विषय काढला, तर गणपत म्हणाला, "दादा, वरतं श्री काढलेल्या कागदावर संडासाचं काहून लिहून राहिला गा?" आई हसली, लिहिणारा हसला, मीही हसलो आणि ते लिहायचे राहिले. मग भिंत झाली आणि चेंबर गणपतच्या बाजूला गेले. म्हणून आज श्री काढलेल्याच कागदावर लिहितो: ते चेंबर दोन्ही घरांचे आहे.

४. ते मोकळे कसे ठेवायचे, हेही लिहितो, कारण भूमिकेला हे ठाऊक हवे. मारबतीच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सारे नागपूर इडापिडा बाहेर काढायला रस्त्यावर येते. वडिलांनी त्याच सकाळी चेंबर उघडायची चाल पाडली होती. हे काम एकट्याचे नव्हे. एकाने घरातून नळीत बांबूची लांब कामटी सरकवायची आणि बादलीने पाणी सोडायचे. दुसऱ्याने चेंबरवर ओणवे होऊन, कामटी कुठवर आली ते सांगायचे. मी आत असायचो, गणपत बाहेर. गाळ सुटला की तो अख्ख्या वस्तीला ऐकू जाईल असा ओरडायचा, "घेऊन जा गे मारबत!" भिंत झाली तरी ही चाल मोडली नव्हती. कोराडीला मी आयुष्यभर राखेच्या नळ्या मोकळ्या ठेवण्याचे काम केले, पण तिथे नळी सुटली म्हणून कोणी असे आनंदाने ओरडले नाही.

५. मोडली ती दुर्गेशच्या लग्नात. हळदीच्या दिवशी नवरीकडची माणसे गणपतच्या अंगणात जेवायला बसली असताना चेंबर भरून वर आले. आचाऱ्याने उरलेला वरण-भात मोरीत लोटला होता, तो अडकला. मी हे तेव्हाही सांगितले होते. पण गणपतच्या डोक्यात बसले की मी मुद्दाम पाणी सोडले. मला मुलगा नाही म्हणून त्याच्या मुलाचे लग्न माझ्या डोळ्यांत सलले, असे त्याचे म्हणणे. हे तो चारचौघांत बोलला. मी ते विसरलेलो नाही, आणि मरताना माणसाने सगळे विसरावे असे जे म्हणतात ते मला मान्य नाही. लग्न आटोपल्यावर त्याने चेंबरच्या झाकणावर सिमेंट ओतले आणि त्यावर तुळशीवृंदावन बांधले. नुसता दगड ठेवला असता तर मी एखाद्या दुपारी सरकवलाही असता. तुळस कोण सरकवणार?

६. माझ्या घरापासून चेंबरपर्यंतची लाइन हळूहळू तुंबत गेली; गणपतची नळी आखूड, तिचे पाणी जात राहिले. पाणी मोरीतून उलटे येऊ लागले, आणि त्याच उन्हाळ्यात रंभाबाईला लकवा झाला. पुढून नवी लाइन टाकता येत नाही. सिमेंटचा रस्ता आता माझ्या घराच्या जोत्यापेक्षा उंच आहे आणि पाणी चढण चढत नाही. मी मान खाली घालून गणपतकडे गेलो. म्हणालो, "तुई वहिनी अंथरुणावर आहे. एक डाव झाकण उघडू दे." तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "दादा, तुळशीले हात लावाले सांगून राहिला का मले? पाप लागन." मी परत आलो. त्यानंतर घरातले सांडपाणी मी बादलीने बाहेर नेऊन टाकत होतो, अजूनही टाकतो. शौचाला शेजारी सुशीलकडे जातो. तो कधी काही बोलला नाही, हे त्याचे उपकार.

फिनाईल झाले, धूप झाला, खिडक्या रात्रंदिवस उघड्या ठेवल्या. काही उपयोग झाला नाही. जिची मोरी पाहून वस्तीतल्या बायका घरी जाऊन आपापली मोरी घासायच्या, ती माझी बायको त्या वासात गेली. शेवटचे दर्शन घ्यायला आलेली माणसे नाकाला रुमाल लावून उभी होती. गणपतही आला होता. त्याने रुमाल लावला नाही, हे मी प्रामाणिकपणे नोंदवतो.

७. वकील म्हणतात, महानगरपालिकेत अर्ज करा, माणसे येऊन वृंदावन फोडतील. रंभाबाईने मला ते करू दिले नाही. "गणपतले म्या कडेवर घेऊन वाढवलं. त्याच्या दारात हातोडे नका आणू." मी तिचा शब्द पाळला. भूमिकेवर तो बंधनकारक नाही, कारण चेंबर उघडल्याशिवाय तिला या घरात राहताच येणार नाही, आणि मग मी दिलेले घर हे नुसते नावाचे. तरी तिने माझ्या तेरवीपर्यंत थांबावे. तोवर झाकण उघडले नाही तर अर्ज करावा. वृंदावन हलवायचे झाल्यास आधी तुळस मुळाच्या मातीसकट काढावी, आणि ती शामलाने काढावी. गेल्या आठवड्यात तुळशीचे लग्न झाले. मंगलाष्टके मी भिंतीअलीकडून ऐकली. दुसऱ्या दिवशी शामला येऊन म्हणाली, "दादा, मीच उचलून ठेवीन तिले." मी तिला नको म्हणालो. तिला त्याच घरात दिवस काढायचे आहेत.

८. मला अग्नी भूमिकेने द्यावा. चेंबर बंद असेपर्यंत माझे प्रेत घरी आणू नये, दवाखान्यातून थेट घाटावर न्यावे. माझ्यासाठी कोणाला रुमाल काढावा लागू नये.

९. गणपत, हा कागद वाचला जाईल तेव्हा तू समोर बसलेला असशील. तुला जमीन देत नाही, पैसा देत नाही. एक गोष्ट देतो, जी मी भूमिकेलाही सांगितलेली नाही.

तुझी वहिनी जायच्या आधी काही दिवस तिने मला जवळ बोलावले. जीभ जड झाली होती, तरी शब्द कळले. ती म्हणाली, "अवो, हा वास माझाच येऊन राहिला का?"

मी नाही म्हणालो. मोरीचा आहे, लाइन तुंबली आहे, म्हणून सांगितले. तिला वाटले मी तिची समजूत घालतो आहे. त्या दिवसापासून रोज दोनदा अंग पुसून घ्यायची, आणि अंथरूण खराब होऊ नये म्हणून पाणी प्यायची बंद झाली. चमचा ओठाला लावला की तोंड मिटून घ्यायची. मी हात जोडले, रागावलो, रडलो. ती जाईपर्यंत मी तिला पटवू शकलो नाही की तो वास तिचा नाही.

हे मला एकट्याने सांभाळवत नाही, गणपत. यातला अर्धा वाटा तुझा.

हे मृत्युपत्र मी स्वतःच्या हाताने लिहिले, स्वतः वाचले, आणि यातला एकही शब्द मागे घेण्याची इच्छा नसताना साक्षीदारांसमोर सही केली.

लिहून ठेवणार: (सही) शालिकराम लहानुजी वैरागडे

साक्षीदार:
१. (सही) सुशील पांडुरंग हेडाऊ, शेजारी
२. (सही) शामला गणपतराव वैरागडे, भावजय

ठिकाण: नागपूर
दिनांक: १० नोव्हेंबर २०२५

सहीनंतरची नोंद: साक्षीदार क्रमांक दोन हिने नववे कलम दोनदा वाचले. मग सही केली आणि म्हणाली, "दादा, हे तुमी मेल्यावर वाचून काय करू आमी?" या कागदाची एक प्रत ती आजच घरी घेऊन गेली आहे. मी तिला अडवले नाही.