बाबांचा सिनेमा पुन्हा काढलाय

३ मार्च, मंगळवार

आज डायलिसिसला आलेल्या मास्तरांनी मोबाइलवर नव्या सिनेमाची झलक दाखवली. मी त्यांच्या हातात सुई घालत होते. “सिस्टर, बघा काय जबरदस्त आहे.” (मी सिस्टर नाही, टेक्निशियन आहे, पण कोण ऐकतो!) बघितलं. बँक, ओलीस धरलेली माणसं, मागचं दार. आणि दारापाशी खाकी कपड्यातला, एका पायानं किंचित लंगडणारा वॉचमन.

बाबा.

मास्तरांना काय माहीत. ते म्हणाले, “ह्या वॉचमनवर लक्ष ठेवा हं. एवढा साधा दाखवलाय ना, म्हणजे हाच आतून फितूर. माझी पैज.” मी सुईला चिकटपट्टी लावली आणि दुसऱ्या पेशंटकडे गेले.

मी चौथीत होते, बाबा बँकेत वॉचमन. दरोडेखोरांनी बँकेतल्या सगळ्यांना कोंडलं होतं. बाबांनी मागचं दार उघडून बायका-माणसं बाहेर काढली आणि शेवटी गोळी खाल्ली. त्यावर पुढे सिनेमा निघाला. मला बाबांचा चेहरा आठवतो तो बराचसा त्यातल्या नटाचाच. आता तोही जाणार.

५ मार्च, गुरुवार

धाकट्याला फोन केला. “ताई, सिनेमा आहे गं तो. नाव बदललंय ना वॉचमनचं?” नाव बदललंय! लंगडणं नाही बदललं, मिशी नाही बदलली. म्हणे, कशाला डोक्याला ताप करून घेतेस. त्याचं बरं आहे. बाबा गेले तेव्हा तो पाळण्यात होता.

९ मार्च, सोमवार

सुट्टी टाकून सिनेमावाल्यांच्या ऑफिसात गेले. काचेची खोली, भिंतीवर मोठं पोस्टर. लेखक भेटला. दिसायला गरीब, बोलायला गोड. कॉफी मागवली. मी म्हटलं, वॉचमन फितूर दाखवलाय का ते तेवढं सांगा.

त्यानं कॉफीचा कप माझ्याकडे सरकवला. मग म्हणाला, “ताई, जुन्या सिनेमात एक भोक आहे. पुढचं शटर जेवणाच्या सुट्टीत बंद. मागच्या दाराला आतून कडी. मग दरोडेखोर आत आले कसे?”

म्हटलं, राहिली असेल कडी उघडी. माणूस विसरतो.

“पण तुमचे बाबा कडी लावली की दोनदा हलवून बघायचे. जुन्या सिनेमातच आहे.”

आहेच. घरीसुद्धा तसंच करायचे, त्याशिवाय जेवायला बसायचे नाहीत. शाळेत मी कौतुकानं सांगायची हे सगळ्यांना. आणि आज ते माझ्याच तोंडावर फेकलं ह्यानं. एवढ्या वेळा सिनेमा बघितला मी, मला हा प्रश्न कधी पडला नाही. कशाला पडेल? मुलीला असले प्रश्न पडतात का?

मी ओरडले. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे आहात तुम्ही, असंच म्हटलं. सिनेमा तयार आहे, आता काही बदलत नाही म्हणाला. कॉफी तशीच टाकून आले. बसमध्ये रडू फुटलं, लोक बघत होते. बघू देत.

१४ मार्च, शनिवार

जुना सिनेमा पुन्हा लावला. काय होता तो! एक खोली, एक पंखा, घामेजलेली माणसं. फोन वाजला की आपणच दचकायचो. एक म्हातारा संडासला जायचं म्हणून गयावया करतो, आणि त्याला नेऊन आणायचं कुणी यावर दरोडेखोरांचंच भांडण जुंपतं. कारकून बाई दरोडेखोराचा धक्का लागला तर त्यालाच ‘सॉरी’ म्हणते. माणसं घाबरली की अशीच वागतात.

आई दाराच्या प्रसंगाला उठून आत गेली. नेहमीच जाते. तिला ते बघवत नाही.

१५ मार्च, रविवार

काही लिहावंसं वाटत नाही.

२१ मार्च, शनिवार

नवा सिनेमा एकटीच जाऊन बघून आले. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

आकाशातून शहर दाखवतात, पुन्हा आकाशातून, पुन्हा. अरे, खोलीत या ना! खोलीत कुणी टिकतच नाही. डोळा मिटून उघडेपर्यंत चित्र बदलतं. ओलीस धरलेल्या बायकांची लिपस्टिक दिवसभर तशीच. कुणाला भूक नाही, तहान नाही, संडास तर नाहीच. मोबाइल बंद पाडायला एक यंत्र आणलंय, आणि ते काय करतं हे समजावून सांगायला एक माणूस. दरोडेखोराला दुःखी बालपण. बरं बाबा, तुझं बालपण वाईट होतं, मग? आणि सगळ्यावर ते ढॅण ढॅण संगीत. कुणी श्वास घेतला तरी मागे ढोल. भीती वाटायला थोडी शांतता लागते, एवढंही कळत नाही ह्यांना.

मास्तर पैज जिंकले. वॉचमन कडी लावतो, दोनदा हलवतो, थांबतो, आणि हळूच काढतो. तेवढ्या एका प्रसंगाला संगीत नव्हतं. शेवटी बायकांना सोडतो म्हणून त्याचेच साथीदार त्याला गोळी घालतात. तो पडला तेव्हा माझ्या पुढच्या रांगेतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

मी उठून बाहेर आले. जिन्यात बसून राहिले. माझ्या बाबांना दुसऱ्यांदा मारलं, आणि ह्या खेपेला बदनाम करून. मी काही करू शकले नाही. मला जगायचाच कंटाळा आलाय.

२४ मार्च, मंगळवार

बाबांनी वाचवलेल्या कारकून बाईंचा फोन आला. त्या आता आजी झाल्यात. “कुणी काहीही दाखवो गं. त्यांनी मला दारातून ढकललं म्हणून मी आहे.” हो हो म्हणत राहिले. एक बाई म्हणते तसं, आणि सगळं गाव बघणार दुसरंच.

मास्तरांनी आज मोबाइल बाहेरच काढला नाही. कुणीतरी सांगितलेलं दिसतं. सुई घालताना माझ्याकडे बघेनात. मीच म्हटलं, पैज जिंकलात. त्यांचे डोळे भरले. उगाच बोलले मी.

२७ मार्च, शुक्रवार

आईनं हट्ट धरलाय — मला ने. धाकटा म्हणतो मुळीच नको, ब्लडप्रेशर आहे तिला. मी म्हटलं, आई, वाईट काढलाय, बाबांना नको ते दाखवलंय. “काय दाखवलंय ते मला बघू दे.” तिच्यापुढे कुणाचं चाललंय!

उद्या दुपारचा खेळ. तिचा हात धरून बसायचं आणि सगळ्या थापा आहेत म्हणून सांगायचं, एवढंच माझ्या हातात आहे.

२८ मार्च, शनिवार

आई ह्या वेळी उठली नाही. सगळा बघितला. दिवे लागले तरी बसून. मी म्हटलं, “आई, खोटं आहे गं हे सगळं.”

ती पडद्याकडेच बघत होती. म्हणाली, “त्या लेखकाला कुणी सांगितलं? मी तर आजवर कुणाला बोलले नाही.”