आमच्या मोस्कविचपुढचं पाणी

१ सप्टेंबर

सगळ्यात पुढे आमची गाडी! बावीस तारखेच्या जुन्या गाड्यांच्या मिरवणुकीत पहिला मान आमच्या निळ्या मोस्कविचला. मिरवणूक भरवणाऱ्या मेळाव्याचे दोघंजण आज येऊन बघून गेले. एकाच घरात इतकी वर्षं राहिलेली, मूळ रंग टिकलेली अशी दुसरी गाडी अख्ख्या प्लेवेन शहरात नाही म्हणाले. त्यातल्या एकाने बॉनेटवरून हात फिरवला, तर बाबांनी लगेच खिशातून फडकं काढून ती जागा पुसली. मला हसू आवरेना.

बाबा एक्याऐंशीचे. आज ताठ चालत होते. मीही!

२ सप्टेंबर

चालवणार कोण? बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरांनी या वसंतातच गाडी बंद केली. मी गृहीत धरलं होतं की मीच. जेवताना बाबा म्हणाले, प्लामेनला बोलावू. भावाला! व्हॅलेन्सियाहून! विमानाने!

मी म्हटलं, "बाबा, मी रोज अठरा मीटरची ट्रॉलीबस चालवते. माणसांनी भरलेली."

"ट्रॉलीबस तारेला बांधलेली असते, नेवेना," बाबा म्हणाले. "वाट चुकायची सोयच नाही."

सॅलडचं भांडं माझ्या हातून जरा जोरात आदळलं. फुटलं नाही.

५ सप्टेंबर

भर चौकात ट्रॉलीबसच्या टपावरचे दांडे वरच्या विजेच्या तारेवरून सुटले. मागे गाड्यांची रांग, हॉर्नचा नुसता कल्ला. खाली उतरले, हातमोजे चढवले, दोरी ओढून दोन्ही दांडे एका दमात तारेवर बसवले. एक म्हातारी खिडकीतून टाळ्या वाजवत होती. तारेला बांधलेली म्हणे!

८ सप्टेंबर, रविवार

अंगणात मिरच्या भाजल्या. अख्ख्या गल्लीत तोच वास. बाबा गॅरेजमध्ये. दर रविवारी इंजिन चालू करतात, थोडा वेळ ऐकत बसतात, बंद करतात. गाडी बाहेर काढत नाहीत.

मिरच्या सोलता सोलता सगळं आठवत बसले. गाडी आली तेव्हा मी नुकती शाळेत जायला लागले होते. बाबांनी नाव नोंदवलं होतं लग्नाच्याही आधी! गल्लीतली पहिली गाडी. पोरं नुसती बघायला यायची. मी आणि प्लामेन एकेकाला आत बसवायचो, चपला बाहेर काढायला लावून. माझा रुबाब विचारू नका.

उन्हाळ्यात समुद्रावर जायचो. टपावर तंबू, पायाशी कलिंगड, ऊन खाऊन तापलेल्या सीटला मांड्या चिकटायच्या. घाट चढताना इंजिनातली उष्णता निघून जावी, ते तापू नये म्हणून बाबा आत हीटर लावायचे. ऑगस्टमध्ये! आम्ही घामाने निथळायचो आणि बाबा म्हणायचे, गाडीला तुमच्यापेक्षा जास्त गरम होतंय.

आई कधी आली नाही. ती भाज्या डबाबंद करणाऱ्या कारखान्यात कामाला होती. उन्हाळा म्हणजे टोमॅटो, मिरच्या — ऐन हंगाम, रजा कुठली? ती फाटकात यायची. तांब्याच्या भांड्यात पाणी, वर एक जिरेनियमचं फूल. गाडी सुटायच्या आधी चाकांपुढे पाणी ओतायची, प्रवास पाण्यासारखा सरळ वाहावा म्हणून. समुद्र असो की बाजार, तिने ओतल्याशिवाय बाबा गिअर टाकत नसत. वर म्हणायचे, हे बायकांचं काहीतरी!

मी मागच्या काचेला नाक लावून बघत राहायचे. रिकामं भांडं धरून उभी आई लहान लहान होत जायची. मग वळण यायचं. मला दर वेळी रडू यायचं, आणि कलिंगडाच्या नादात विसरायलाही व्हायचं.

१३ सप्टेंबर

पावाच्या डब्यात पाव शोधायला गेले, हाताला वायपर लागले. बाबांची सवय! गाडी नवी होती तेव्हा वायपर चोरीला जायचे, नवे मिळायचे नाहीत. गाडी उभी केली की सगळेच काढून घरात आणायचे. आता कोण चोरणार, आणि तेही कुलूपबंद गॅरेजमधून? परत ठेवले.

१५ सप्टेंबर

आज एक गोष्ट डोक्यात शिरली. गाडी डोळ्यांमुळे बंद आहे असं मी लोकांना सांगत आले. पण डॉक्टर बोलले या वर्षी. गाडी बाहेर निघालेली नाही आई गेली तेव्हापासून — तीन वर्षं!

शेजारचे मारीन काका राकिया, आमची घरची फळांची दारू, प्यायला आले होते, त्यांनी सहज म्हटलं, आमची बायको ओतेल हो पाणी. बाबा म्हणाले, "ते घरच्या माणसाने ओतायचं असतं." मग टोमॅटो कापायला घेतले.

घरात आम्ही दोघंच.

१८ सप्टेंबर

प्लामेनचा फोन. रजा नाही मिळत. बाबांनी शांतपणे ऐकलं, स्वतःची काळजी घे म्हणाले, फोन ठेवला. मग मला म्हणाले, मेळाव्यावाल्यांना नाही म्हणून कळव.

मी नाही कळवणार! तसं तोंडावर सांगितलं. मी रागावले होते आणि अजून आहे. ही गाडी मी धुतलीय, पुसलीय, तिच्यात वाढलेय. आणि मुलगा नाही आला म्हणून ती घरात बसणार? नंतर मलाच वाईट वाटलं. पण शब्द मागे घेतलेला नाही.

१९ सप्टेंबर

अबोला. मिरच्यांच्या बरण्या भरून झाल्या.

२० सप्टेंबर

ड्युटीवरून आले तर गॅरेज उघडं. बाबांनी गाडीचं दार धरून ठेवलेलं. माझ्या बाजूचं नाही, चालकाचं.

"बस," म्हणाले.

या सीटवर मी जन्मात बसले नव्हते! चोक ओढला, किल्ली फिरवली. बाबा पत्र्यावर हात ठेवून ऐकत उभे. हळूच बाहेर काढली, गल्लीच्या टोकापर्यंत नेली, वळवली, परत आणली. लोक खिडक्यांतून बघत होते. मारीन काकांनी चक्क टोपी काढली.

उतरले तेव्हा बाबा म्हणाले, "तारेशिवायही बरी चालवतेस."

बरी! आमच्या बाबांच्या तोंडून! रात्रभर झोप येणार नाही मला.

२१ सप्टेंबर

जेवणाच्या टेबलावर माझ्या ताटाशेजारी वायपर. फडक्यात गुंडाळलेले, तेल लावून पुसलेले. उद्या आभाळ आलं तर लाव म्हणाले. एवढंच. मला मात्र कळलं की गाडी माझ्या हाती दिली.

मी म्हटलं, तुम्ही पुढे माझ्या शेजारी बसा. नवा शर्ट इस्त्री करून ठेवलाय. सगळं गाव बघू दे, गाडी कोणाची ते. इतकी वर्षं सांभाळली कोणी? मान तुमचाच आहे, माझा नाही.

बाबा पाव मोडत होते. मोडून झाला, तेव्हा म्हणाले,

"मग पाणी कोण ओतणार?"

२२ सप्टेंबर

पाणी बाबांनी ओतलं. नवा शर्ट, आईचं भांडं, वर जिरेनियमचं फूल. अर्धं त्यांच्याच बुटांवर सांडलं. मी गाडी नेली — सगळ्यात पुढे! — पण वळण येईपर्यंत माझी नजर आरशातच होती.

संध्याकाळी परतले तर ते फाटकातच उभे. भांडं हातात. मिरवणूक कशी झाली ते विचारलंच नाही.

"मागून फार देखणी दिसते गं," म्हणाले. "मी कधी बघितलीच नव्हती."